कंसाचा रथ, तलकाडची वाळू

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात अशोक रोडनं थोडं चाललं तरी तीन धर्मांची घरं वाटेत लागतात. सेंट फिलोमिना चर्चचे १७५ फुटी जुळे मनोरे लांबूनच दिसतात. २८ ऑक्टोबर १९३३ रोजी त्याची पायाभरणी नाल्वडी कृष्णराज वडियारांच्या हातून झाली. याच रस्त्यावर मशीद-ए-आझम आहे, आणि आतल्या गल्ल्यांमधून देवळं आहेत. वर्षाच्या वेगवेगळ्या दिवसांत या तिन्ही ठिकाणी एकाच तऱ्हेच्या राजाची गोष्ट आठवली जाते. चर्चमध्ये तो हेरोद असतो, मशिदीत फिरऔन आणि गोकुळाष्टमीला देवळात कंस. तुझा शेवट करणारा जन्माला येतो आहे, असं त्याच्या कानावर येतं. राजा हादरतो आणि हाताशी असलेली सगळी सत्ता लहान मुलांवर चालवतो. ज्याला मारायचं तो नेमका वाचतो.

वाचतो कसा, हे फिरऔन आणि कंसाच्या गोष्टींत पाहण्यासारखं आहे, कारण त्याला वाचवण्याची सोय राजाच करून ठेवतो. कुराणातला मूसा नदीत सोडला जातो आणि फिरऔनच्याच घरी वाढतो. त्याच्या शत्रूला लहानाचं मोठं करण्याचा खर्च राजवाड्यानं केलेला असतो. बायबलच्या जुन्या करारात या कथेला भविष्यवाणीची जोड नाही. तिथे राजाला परक्यांची संख्या वाढण्याची भीती आहे. पहिल्या शतकात जोसेफस या ज्यू इतिहासकारानं ही कथा पुन्हा सांगितली, तेव्हा तिच्यात एक भाकीत करणारा आला. कुराणाच्या भाष्यकारांनीही फिरऔनला पडलेल्या स्वप्नाची हकिकत सांगितली आहे. भीती आधीच होती. भाकितानं तिला फक्त मुहूर्त दिला.

मराठी माणसाला यातला कंस सगळ्यात जवळचा. श्रीधरांच्या ‘हरिविजय’मधून, कीर्तनांतून तो घरोघरी पोचलेला आहे, आणि त्यामुळेच भागवताच्या दशम स्कंधातला एक बारकावा आपल्या नजरेतून निसटतो. लग्न लागून देवकी सासरी निघाली आहे, बहिणीवरच्या मायेपोटी कंस स्वतः रथ हाकतो आहे, तोच आकाशवाणी होते की हिचा आठवा गर्भ तुझा काळ ठरेल. कंस तलवार उपसतो. वसुदेव त्याला समजावतो, प्रत्येक मूल आणून तुझ्या हवाली करीन असा शब्द देतो. पहिला मुलगा कीर्तिमान जन्मतो आणि वसुदेव शब्द पाळून तान्हं मूल घेऊन येतो. कंस ते मूल परत देतो. मला भय आठव्याचं आहे, याला घेऊन जा, असं सांगतो.

कंस इथेच थांबला असता तर? आठवा मुलगा मथुरेतच, मामाच्या डोळ्यांसमोर वाढला असता. कदाचित मामाच्या मांडीवरच. पण मग नारद येतो आणि देव तुझ्याविरुद्ध मसलत करताहेत, यादवांच्या रूपानं तेच जन्माला आलेत, असं सांगून जातो. कीर्तनकार इथे आठ पाकळ्यांचं कमळ आणतात. नारद विचारतो, यातली आठवी पाकळी कोणती? कुठूनही मोजायला सुरुवात केली तर कुठलीही आठवी ठरते. त्या क्षणी कंसाचं गणित बिघडतं. देवकी-वसुदेव बेड्यांत पडतात आणि परत दिलेलं मूल पुन्हा ओढून आणलं जातं. सहा मुलं जातात. सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी नेला जातो आणि आठवा यमुनेपलीकडे गोकुळात. कैद नसती तर त्याला नदीपार नेण्याचं कारणच नव्हतं. गोकुळात तो गवळ्यांच्या पोरांत वाढला, अंगानं दणकट झाला, आणि आईबापांना कोणी कोंडलंय हे त्याला कळलं. मामाला मारायला कृष्णाकडे आता सबळ कारण होतं, आणि ते मामानंच दिलं होतं.

शेवटचा भाग तर कंसानं जवळजवळ आपल्याच हातानं लिहिला. धनुर्यागाचं निमित्त त्यानंच काढलं. अक्रूराला आपला रथ देऊन गोकुळात त्यानंच पाठवलं. आखाडा त्याचा, कुवलयापीड हत्ती त्याचा, चाणूर आणि मुष्टिक हे मल्लही त्याचेच. गोष्ट एका रथापासून सुरू होते; तो कंस स्वतः हाकत होता. दुसरा रथ त्यानं मरण घरी आणायला धाडला.

ग्रीकांकडे हीच वाट थीब्सच्या लायसनं धरली. मुलगा आपल्याला मारेल हे ऐकून त्यानं नवजात ईडिपसचे पाय टोचून त्याला डोंगरावर टाकायला लावलं. परिणाम असा की मुलगा बापाला ओळखेनासा झाला, आणि तिठ्यावरच्या भांडणात न ओळखताच त्यानं बापाचा जीव घेतला. घरी वाढलेला मुलगा बापाचा चेहरा विसरला नसता. या सगळ्या कथांचं यंत्र एकच आहे: भाकीत खरं व्हायला जी माहिती, जे अंतर, जो राग लागतो, ते सगळं पळणारा माणूस पुरवतो.

चामुंडी टेकडीवर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात नाग घेतलेला महिषासुर उभा आहे, त्याची जात जरा वेगळी. देवी भागवतात तो ब्रह्मदेवाकडे मागतो की पुरुषाच्या हातून मला मरण नको. स्त्रीचं भय त्याला वाटतच नाही, म्हणून ते कलम तो घालत नाही. हिरण्यकशिपू याहून काटेकोर. दिवस, रात्र, घर, अंगण, माणूस, पशू, सगळं त्यानं लिहून घेतलं आणि उंबरठा राहिला. हे दोघं वकिली वृत्तीचे. कंसानं मात्र माणसं मारली, आणि माझ्या मते खलनायकाची खरी ओळख तिथेच पटते: आपल्याबद्दलच्या भाकिताची किंमत तो ज्यांचा त्या भाकिताशी काही संबंध नाही अशांकडून वसूल करतो. देवकीची सहा मुलं, बेथलेहेममधली दोन वर्षांखालची मुलं. बेथलेहेमचं ते हत्याकांड मत्तयच्या शुभवर्तमानाबाहेर कुठे स्वतंत्रपणे नोंदलेलं नाही, आणि पुष्कळ इतिहासकार ते घडलं असं मानत नाहीत. पण ज्याच्या नावावर ते टाकलं गेलं त्या हेरोदानं गादीच्या भयानं आपले तीन मुलगे मारवले, हे जोसेफसनं लिहून ठेवलं आहे. लोकांनी ती कथा भलत्याच माणसाला चिकटवली नव्हती. आपल्याकडेही विजापूरजवळ साठ कबर नावाची जागा आहे. अफजलखान १६५९ साली शिवाजी महाराजांवर चालून निघाला, तेव्हा तू परत येणार नाहीस असं त्याला सांगितलं गेलं आणि निघण्यापूर्वी त्यानं आपल्या बायका मारवल्या, अशी तिथली दंतकथा आहे. ती जशी घडली तशी की नाही, हा प्रश्न वेगळा. तिथल्या कबरींच्या रांगांकडे पाहून लोकांना मात्र हेच सुचलं.

म्हैसूरला स्वतःचंही एक भाकीत आहे, शापाच्या रूपातलं, आणि त्याची कथा वर सांगितलेल्या साऱ्या कथांच्या उलट दिशेनं जाते.

१६१० साली राजा वडियारांनी श्रीरंगपट्टण घेतलं. विजयनगरच्या वतीनं तिथला कारभार पाहणारा तिरुमल तलकाडला गेला आणि तिथे आजारानं वारला. काही कथांत त्याचं नाव श्रीरंगराय येतं. त्याची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे दागिने होते, त्यात एक मोत्याची नथ. श्रीरंगपट्टणच्या रंगनायकी देवीला ती ठरावीक वारी घातली जायची, म्हणून ते दागिने देवळाचे, असं नव्या राज्यकर्त्यांचं म्हणणं पडलं. शिपाई आले. अलमेलम्मा दागिने घेऊन मालंगीच्या डोहापाशी गेली आणि कावेरीत उडी घेण्यापूर्वी तिनं तीन गोष्टी बोलून दाखवल्या: तलकाडची वाळू होवो, मालंगीला भोवरा पडो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो.

तलकाड आज खरंच वाळूत आहे. होयसळ विष्णुवर्धनानं बाराव्या शतकात बांधलेलं कीर्तिनारायणाचं देऊळ वाळू उपसून मोकळं करावं लागलं, आणि पंचलिंग दर्शनाला येणारे लोक वाळूच्या टेकाडांमधून वाट काढत एका देवळातून दुसऱ्या देवळात जातात. अभ्यासकांनी याचं नदीच्या अंगानं दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं. तलकाड कावेरीच्या मोठ्या वळणावर आहे. वळणाच्या एका काठाला नदी गाळ टाकते आणि समोरचा काठ कापत नेते. विजयनगरच्या काळात, चौदाव्या शतकाच्या सुमारास, माधव मंत्र्यानं नदीला बांध घातला. त्यानंतर खालच्या पात्राचं पाणी आटलं, रेती उघडी पडली आणि नैर्ऋत्येचा वारा ती गावावर आणू लागला. असं असेल तर शापाच्या कितीतरी आधीपासून वाळू चालून येत होती. डोहाचंही तसंच, वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी खोल जातेच. शापातली दोन कलमं, डोळ्यांना दिसत होतं त्याला लोकांनी दिलेलं कारण असावं.

तिसरं कलम मात्र जिवंत माणसांबद्दल होतं. आज म्हैसूरमध्ये कोणालाही विचारलं तर उत्तर येतं: एक पिढी सोडून एक पिढी निपुत्रिक. मुम्मडी कृष्णराजांना औरस वारस नव्हता, त्यांनी १८६५ मध्ये चामराजेंद्रांना दत्तक घेतलं. चामराजेंद्रांना मुलं झाली. त्यांचे पुत्र नाल्वडी कृष्णराज निपुत्रिक राहिले आणि १९४० मध्ये पुतणे जयचामराजेंद्र गादीवर आले. जयचामराजेंद्रांचे पुत्र श्रीकंठदत्त २०१३ मध्ये अपत्याविना गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पत्नी प्रमोदादेवींनी यदुवीर यांना दत्तक घेतलं. दीडशे वर्षांचा हा हिशेब शापाशी इतका चपखल जुळतो की ऐकणारा गप्प होतो.

पण हिशेब मागे न्यायला हवा. चिक्कदेवराज १६७३ ते १७०४ गादीवर होते. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा दुसरा कंठीरव नरसराज आला आणि त्याच्यामागून त्याचाच मुलगा पहिला कृष्णराज. आजोबा, बाप, नातू, सलग. मूळ शापात ‘एक सोडून एक’ नव्हतंच. मूल न होवो, एवढंच होतं. मुलं होत गेली तशी शापाची शब्दयोजना लोकांनी सैल केली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये यदुवीर यांना मुलगा झाला तेव्हा काहींनी शाप सुटला म्हटलं, आणि काहींनी लगेच नवा नियम काढला: गादीवर आणलेल्याला मुलं होतात, गादीवर जन्मलेल्याला होत नाहीत. घडेल त्याला पुरेल इतकं भाकीत लोक वाढवत नेतात. कंसाच्या वेळी आठव्या पाकळीचं हेच झालं होतं.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वडियारांची वागणूक. त्यांनी अलमेलम्माचं नाव पुसलं नाही. तिची मूर्ती राजवाड्यात आहे आणि दसऱ्याच्या दिवसांत तिची पूजा होते. ज्या घराण्यामुळे ती बुडाली, त्या घराण्यानं तिला घरात जागा दिली. आणि निपुत्रिक होण्याच्या भयाला त्यांनी वैदूंपेक्षा धर्मशास्त्रातल्या दत्तकविधानानं उत्तर दिलं. शाप म्हणत होता की मूल होणार नाही. घराणं म्हणालं, ठीक, मूल आणू. शाप तसाच राहिला. त्यानं होणारं नुकसान मात्र थांबलं.

हे नुकसान काल्पनिक नव्हतं. १८४८ साली साताऱ्याची गादी, १८५४ साली नागपूर आणि झाशी दत्तक नामंजूर करून खालसा झाली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला होता, तरीही. म्हैसूरचा कारभार तर इंग्रजांनी १८३१ मध्येच आपल्या हाती घेतला होता, आणि मुम्मडी कृष्णराजांशी झालेला तह त्यांच्यापुरता, ते गेले की संपला, असा युक्तिवाद चालू होता. १८६५ चं दत्तकविधान हा त्यावरचा राजानं केलेला डाव होता. पत्रव्यवहार, अर्ज, लंडनमधली खटपट यांतून १८६७ मध्ये तिथून होकार आला. कृष्णराज १८६८ मध्ये वारले आणि २५ मार्च १८८१ रोजी राज्य चामराजेंद्रांच्या हाती परत दिलं गेलं. झाशीत जे मोडलं ते म्हैसुरात टिकलं, कारण राजानं वेळ असताना हालचाल केली.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यानं १९४८ मध्ये या सगळ्याला शास्त्राच्या भाषेत आणलं. त्याच्या लेखातली काल्पनिक बँक धडधाकट आहे. १९३२ सालातल्या एका सकाळी ती बुडणार अशी वावडी उठते. ठेवीदार रांगा लावतात, जो तो आपले पैसे काढतो, आणि कुठल्याही बँकेकडे सगळ्या ठेवी एका दिवशी परत द्यायला रोकड नसतेच. बँक बुडते. वावडी पसरवणारे म्हणतात, पाहिलंत? मर्टनचं म्हणणं असं की परिस्थितीची चुकीची समजूत लोकांकडून असं वागणं करून घेते की ती चुकीची समजूतच खरी ठरते. आणि मग तो निकालच समजुतीचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

रांगेतल्या माणसाला शहाणपण शिकवून हे थांबत नाही. शेजारी पैसे काढतोय आणि मी काढले नाहीत, तर बुडणारा मीच. त्याचं पळणं शहाणपणाचंच असतं. थांबवायची ती त्याला पळायला लावणारी गरज. १९६० मध्ये आपल्याकडे पालई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. सुरुवातीची मर्यादा १,५०० रुपये, २०२० पासून ५ लाख. बँक बुडाली तरी माझे एवढे पैसे मिळणारच, ही खात्री असलेला ठेवीदार घरी बसतो, आणि तो घरी बसला की बँकही सहजी बुडत नाही. दत्तकविधानानं वडियारांसाठी हेच केलं होतं. भाकीत खोटं पाडायची धडपड न करता त्यानं होणारं नुकसान आधीच भरून ठेवायचं.

मर्टनला बँकेपेक्षा जास्त काळजी माणसांबद्दलच्या भाकितांची होती. कृष्णवर्णीय कामगार संप फोडतात असं म्हणून संघटना त्यांना सभासद करून घेत नसत, आणि बाहेर ठेवलेल्या कामगाराला संपाच्या वेळीच काम मिळे. मग तो संप फोडणारा ठरे. हे वाचताना मला पारधी, कैकाडी, भामटा या जमातींचा इतिहास आठवतो. १८७१ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होतो, या धर्तीचा युक्तिवाद त्यामागे होता. १९११ च्या कायद्यानं ही तरतूद सगळ्या देशाला लागू झाली.

त्या भाकिताचं यंत्र जवळून पाहा. माणसाचं नाव पोलिसांच्या रजिस्टरात चढलं. त्याला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्याशिवाय गाव सोडलं तर तोच गुन्हा. भटकणं हाच ज्यांचा धंदा, गाढवांवरून माल नेणं, टोपल्या विकत गावोगाव फिरणं, त्यांचा धंदाच बेकायदा झाला. रजिस्टरात नाव असलेल्याला सावकार उधार देत नाही, शेतकरी रानात उभं करत नाही. गावात चोरी झाली की पोलीस रजिस्टर उघडतात, त्यातली माणसं उचलतात, शिक्षा होतात. शिक्षांचे आकडे वाढतात, आणि जमात गुन्हेगारच आहे याला आकड्यांचा आधार मिळतो. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली गेली. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. तिथे जन्मलेलं मूल काही करण्याआधीच गुन्हेगारांत मोजलं जाई. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं, तेव्हा कितीतरी मराठी वाचकांनी हे जगणं पहिल्यांदा आतून वाचलं.

या गोष्टीत कंस म्हणजे सरकार होतं. घाबरणारंही तेच आणि तुरुंग बांधणारंही तेच. फरक एवढाच की या कंसाचा वध झाला नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस ठाण्यातली जुनी यादी नव्या नावानं चालू राहिली. रजिस्टर बंद करायला ठेव विम्यासारखीच बाहेरची, कायद्याची खात्री लागते, आणि ती फार उशिरा, तुकड्यातुकड्यांनी येते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगाच्या नियमपुस्तकांतली जातीवर आधारलेली कलमं घटनाबाह्य ठरवली, आणि सराईत गुन्हेगार हा शब्द कायद्यातल्या व्याख्येबाहेर, विमुक्त जमातींसाठी सरसकट वापरता येणार नाही असं सांगितलं. राज्यांना नियमपुस्तकं दुरुस्त करायला तीन महिन्यांची मुदत होती.